जालना रोडवरील एक व्हिसा सल्ला कार्यालय : नियम बदलत असताना शुल्क नेमके कशाचे?

छत्रपती संभाजीनगरात जालना रोड, निराला बाजार आणि सिडको या भागांत परदेशी शिक्षण व नोकरीचे मार्गदर्शन करणाऱ्या कार्यालयांची संख्या गेल्या काही वर्षांत इतकी वाढली आहे की, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांखालोखाल पाट्या त्यांच्याच दिसतात. त्यांपैकी जालना रोडवरील एका कार्यालयाची सेवा माझ्या बहिणीच्या मुलीने आणि आमच्या शेजारच्या मुलाने २०२५ मध्ये घेतली. दोघांच्याही वेळी कागदपत्रे वाचणे, करार तपासणे आणि शुल्काची बोलणी करणे हे काम माझ्याकडे आले, कारण बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेल्या बाईला बारीक अक्षरातल्या मजकुराचा कंटाळा येत नाही, असा आमच्या घरात समज आहे. या परीक्षणात काही तक्रारी आहेत आणि त्यांवर कार्यालयाचे म्हणणे येथे मांडले जाणार नाही, म्हणून कार्यालयाचे नाव देत नाही.

अशा कार्यालयाची पारख करताना लोक सहसा ‘किती जणांचे व्हिसा झाले’ एवढेच विचारतात आणि भिंतीवर लावलेली पासपोर्टधाऱ्यांची हसरी छायाचित्रे पाहून समाधान मानतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, फाईल लावल्यापासून निर्णय येईपर्यंतच्या काळात नियम बदलला, तर हे कार्यालय काय करते. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. जर्मनीच्या किमान पगाराच्या अटीचा आकडा संक्रांतीसारखा ठरल्या तारखेला बदलतो आणि अमेरिकेचा नियम गारपिटीसारखा येतो; या दोन्ही प्रसंगी या कार्यालयाचे काम जवळून पाहता आले, आणि दोन्ही वेळी त्याची गुणवत्ता सारखी नव्हती.

आधी जर्मनीविषयी, कारण तेथे कार्यालयाला पूर्ण गुण द्यावे लागतील. शेजारचा मुलगा यंत्र अभियंता आहे आणि वाळूज औद्योगिक वसाहतीत डिझाईन विभागात काम करतो. त्याने स्वतः अर्ज करून स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव मिळवला होता. कार्यालयाकडे तो केवळ व्हिसाच्या प्रक्रियेसाठी गेला. पहिल्याच भेटीत समुपदेशकाने त्याची पदवी आणि विद्यापीठ ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात शोधून, पदवीची समकक्षता कशी नोंदवली आहे हे पडद्यावर दाखवले, आणि त्याची छापील प्रत तारखेसह हातात दिली. ही तारखेची सवय मला फार आवडली. या कार्यालयात नियमाविषयी जे काही सांगितले जाते, त्याच्या प्रतीवर ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या सरकारी संकेतस्थळावरून घेतले याची नोंद असते. शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला जे रंगीत माहितीपत्रक दिले गेले, त्यात जर्मनीचा पगाराचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा होता.

पगाराच्या या आकड्याचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या युरोपियन ब्लू कार्डाकरिता जर्मनीत किमान वार्षिक पगाराची अट असते आणि ती तेथील निवृत्तिवेतन विम्याच्या वर्गणीसाठी ठरवलेल्या कमाल उत्पन्नमर्यादेच्या ५० टक्के धरली जाते. अभियंते, डॉक्टर, संगणक तज्ज्ञ अशा तुटवड्याच्या व्यवसायांना ही अट ४५.३ टक्क्यांवर येते. ती मर्यादा दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे ब्लू कार्डाचा आकडाही बदलतो. २०२५ मध्ये सर्वसाधारण अट ४८,३०० युरोंची आणि तुटवड्याच्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८० युरोंची होती. २०२६ मध्ये त्या अनुक्रमे ५०,७०० आणि ४५,९३४.२० युरो झाल्या. शेजारच्या मुलाला मिळालेला प्रस्ताव ४५,००० युरोंचा होता, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने पुरेसा आणि २०२६ च्या हिशेबाने अपुरा. नवी मर्यादा ऑक्टोबरच्या सुमारासच कळते, हे कार्यालयाला ठाऊक होते. फाईल डिसेंबरअखेर निकाली निघेल याची खात्री नसल्यामुळे त्यांनी मुलाला दोन पर्याय लिहून दिले : कंपनीला पगार ४६,५०० युरो करण्याची विनंती करावी, अथवा ब्लू कार्डाचा आग्रह सोडून साध्या कुशल कामगार व्हिसाचा अर्ज करावा. दुसऱ्या पर्यायात पंचेचाळिशीच्या आतील व्यक्तीला पगाराची अशी ठरावीक अट नाही, पण कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळण्यास अधिक काळ लागतो. ब्लू कार्डावर तो २७ महिन्यांत आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी असल्यास २१ महिन्यांत मिळू शकतो. कंपनीने पगार वाढवून दिला. नऊशे-साडेनऊशे युरोंच्या फरकामुळे नाकारला गेला असता असा अर्ज केवळ वेळेवर मिळालेल्या माहितीमुळे वाचला, आणि सल्ल्याचे शुल्क याच कामाचे असते असे मला वाटते.

तरीही जर्मनीच्या सेवेत एक गोष्ट महाग वाटली. २०२५ च्या आरंभापासून जर्मन परराष्ट्र खात्याने राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज ऑनलाइन भरण्याची सोय केली आहे, त्यामुळे ‘फॉर्म भरून देणे’ या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या रकमेला आता फारसा अर्थ उरलेला नाही. नोकरी हाती नसताना जर्मनीला जाऊन शोधण्याची मुभा देणाऱ्या चान्सेनकार्टेविषयीही कार्यालयाच्या जाहिरातीत जितका उत्साह आहे, तितका प्रत्यक्ष भेटीत नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. जून २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत किमान सहा गुण लागतात, वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवून ठेवावी लागते, आणि तेथे पोहोचल्यावर आठवड्याला केवळ २० तास काम करता येते. परभणीहून आलेल्या एका पालकांना कार्यालयप्रमुख मॅडमनी माझ्यासमोर स्पष्ट सांगितले, “मुलाला जर्मन येत नसेल तर आत्ता पैसे भरू नका, आधी भाषेचा वर्ग लावा.” त्या दिवशी त्यांचे एक गिऱ्हाईक गेले असावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी केलेल्या कराराचा हवाला देऊन परिचारिका, वाहनचालक आणि वीजतंत्री यांच्याकडून आगाऊ रक्कम घेणारे लोक मराठवाड्यात फिरत असतात. हे कार्यालय तसे करत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. माझी भाची टेक्सासमध्ये संगणक अभियंता आहे, तिने तेथेच पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्यानंतर तिला लॉटरीतून एच-१बी, म्हणजे परदेशी तज्ज्ञांना तेथील नोकरीसाठी मिळणारा व्हिसा, मिळाला. या व्हिसाचे गणित मराठवाड्यातील किती तरी घरांना तोंडपाठ आहे : वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा, त्यासाठी दर मार्चमध्ये होणारी नोंदणी, आणि मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या उद्घोषणेने नव्या एच-१बी अर्जामागे १,००,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याची अट घातली, आणि ती भारतीय वेळेनुसार २१ सप्टेंबरला रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास लागू होणार होती. बातमी आपल्याकडे शनिवारी सकाळी पोहोचली. उद्घोषणेच्या मजकुरात अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या प्रवेशाचा उल्लेख असल्यामुळे ती सध्याच्या व्हिसाधारकांनाही लागू आहे की काय, हे कोणालाच कळेना. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना मुदतीच्या आत परतण्यास सांगितले. संभाजीनगरहून मुंबई गाठून तेथून अमेरिकेला वेळेत पोहोचणे त्या दिवशी जवळपास अशक्य होते, तरी लोक दुपटी-तिपटीच्या भाड्याची तिकिटे शोधत होते.

त्या शनिवारी कार्यालयाने आपल्या ग्राहकांना पाठवलेला संदेश माझ्याकडे अजून आहे. त्यात मूळ उद्घोषणेचा दुवा होता आणि दोनच वाक्ये होती : मजकूर संदिग्ध आहे, अधिकृत स्पष्टीकरण येईपर्यंत आम्ही काही सांगू शकत नाही, तिकीट काढण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या वकिलाशी बोला. रविवारी स्पष्टीकरण आले की ही रक्कम एकदाच भरावयाची आहे, ती केवळ नव्या अर्जांना लागू आहे आणि नूतनीकरणाला किंवा आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही. तेही त्यांनी लगेच कळवले. ऑक्टोबरमध्ये आणखी खुलासा आला की, अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांनाही ही रक्कम भरावी लागणार नाही. म्हणजे या नियमाचा फटका कोणाला, तर संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून थेट नोकरीवर जाऊ इच्छिणाऱ्याला. तेथे आधी शिकायला गेलेला मुलगा त्यातून सुटतो. या फरकामुळे काही पालकांनी नोकरीऐवजी शिक्षणाच्या कर्जाकडे वळण्याचा विचार केला, आणि माझ्या जुन्या व्यवसायामुळे मला त्याची काळजी वाटते, कारण चाळीस-पन्नास लाखांचे ते कर्ज अशा नोकरीच्या भरवशावर घेतले जाते जिचे दार पुढच्या वर्षी उघडे असेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगसंघटनेने या उद्घोषणेला न्यायालयात आव्हान दिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निर्णय दिला.

भाचीला ही रक्कम लागू नव्हती, पण तिला दुसरा बदल नडला. तिच्या अर्जाची मंजुरी वैध होती, पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत मात्र संपली होती, आणि घरातील लग्नासाठी ती डिसेंबरमध्ये येणार होती. पूर्वी अशा नूतनीकरणाला मुलाखतीची गरज नसे, कागदपत्रे ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकली की काम होत असे, २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत एच-१बीवाल्यांसाठी बंद झाली. जवळच्या दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन शिक्का मारून घेण्याची वाटही त्याच महिन्यात बंद झाली, कारण अर्ज स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा असा नियम आला. त्यानंतर १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली, आणि त्यासाठी वेळ लागतो म्हणून भारतातील वकिलातींनी त्या सुमाराच्या मुलाखती एकदम मार्च किंवा त्याही पुढे ढकलल्या. भाचीची मुंबईची मुलाखत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. लग्न झाले, हळद फिटली, पाहुणे गेले, आणि ती मात्र सिडकोतील घरात बसून रात्रीच्या पाळीने काम करू लागली. कंपनीने तेही मर्यादित काळासाठीच मान्य केले, कारण परदेशातून काम केल्यास कराचे आणि माहितीच्या सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात.

या प्रसंगात कार्यालयाच्या दोन व्यक्तींनी दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या आणि माझी मुख्य तक्रार त्याविषयी आहे. मॅडमनी ऑक्टोबरमध्येच तिला लिहून पाठवले होते की, ड्रॉपबॉक्स बंद झाल्यानंतर शिक्का संपलेल्या स्थितीत अमेरिकेबाहेर पडणे जोखमीचे आहे आणि अपरिहार्य असेल तरच प्रवास करावा. लग्न सख्ख्या भावाचे असल्यामुळे ती आली. त्याबद्दल मी कार्यालयाला दोष देत नाही. परंतु मुलाखत पुढे गेल्यावर त्याच कार्यालयातील एका तरुण कर्मचाऱ्याने तिला फोन करून ‘इमर्जन्सी स्लॉट’ मिळवून देण्यासाठी वेगळी रक्कम मागितली. मुलाखतीची वेळ वकिलात ठरवते. तातडीच्या वेळेसाठी अर्जदाराला स्वतःच विनाशुल्क विनंती करता येते, आणि संगणकीय बॉट वापरून वेळा अडवणाऱ्यांच्या सुमारे २,००० नोंदी भारतातील अमेरिकन दूतावासाने मार्च २०२५ मध्ये रद्द केल्या होत्या. भाची मला म्हणाली, “मावशी, माझं नाव तसल्या यादीत गेलं तर पुन्हा कधीच जाता येणार नाही.” तिची भीती रास्त होती. मॅडमना विचारल्यावर त्यांनी ही ‘कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक’ असल्याचे सांगितले, पण ती पावती कार्यालयाच्या नावाने निघणार होती.

मूळ अडचण अशी आहे की, अमेरिकेच्या कामात अशा कार्यालयाला करण्याजोगे फारच थोडे आहे. एच-१बीचा अर्ज नोकरी देणारी कंपनी तिच्या वकिलामार्फत करते, आणि कर्मचाऱ्याने फक्त कागदपत्रे पुरवायची असतात. असे असताना लॉटरीच्या नोंदणीसाठी ‘प्रोफाईल तयारी’ या नावाने घेतलेली रक्कम कशासाठी, हे मला तेथे कोणी समजावून सांगू शकले नाही. उपयोगी पडला तो एकच तास, ज्यात त्यांनी निवडीची नवी पद्धत समजावली. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लॉटरीत सर्वांना समान संधी राहिलेली नाही : पगाराच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या, चौथ्या पातळीवाल्याचे नाव चार वेळा, तिसऱ्याचे तीन वेळा, दुसऱ्याचे दोन वेळा आणि पहिल्याचे एकदाच गणले जाते. ही पातळी पगाराच्या आकड्यावर नव्हे, तर त्या कामाला त्या भागात मिळणाऱ्या पगाराच्या तुलनेत ठरते, त्यामुळे जो पगार एखाद्या लहान शहरात तिसऱ्या पातळीवर जातो, तोच सॅन होजेसारख्या ठिकाणी पहिल्या पातळीवर राहू शकतो. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांची शक्यता तेथील गृहसुरक्षा विभागाच्या स्वतःच्या अंदाजानुसारच जवळपास निम्म्याने घटते. हे ऐकल्यावर समोर बसलेल्या दोन मुलांनी फी न भरता उठून जाणे पसंत केले, आणि मॅडमनी त्यांना थांबवले नाही.

ब्रिटनविषयी थोडक्यात. तेथे कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांवर गेला, त्याच दिवशी परदेशातून काळजीवाहक आणण्याचा मार्ग बंद झाला. लातूरच्या एका परिचारिकेला कोणीतरी काळजीवाहकाच्या नोकरीचे आमिष दाखवले होते. कार्यालयाने तिला हा मार्ग बंद असल्याचे सांगून, परिचारिका म्हणून जाण्यासाठी तेथील नोंदणी परिषदेच्या परीक्षांची माहिती फुकट दिली. आखाताबाबत मात्र सावध राहावे. दर्शनी काचेवर ‘नोकरीसह व्हिसा’ असे लिहिले आहे, आणि परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक असते. तिचा क्रमांक मागितला तेव्हा ‘मुंबईच्या भागीदार संस्थेकडे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नोंदणीकृत एजंटाची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

आता शुल्काविषयी. पहिल्या सल्ल्याचे १,५०० रुपये आहेत आणि ते वाजवी आहेत. जर्मनीच्या संपूर्ण सेवेसाठी ८५,००० रुपये सांगितले गेले. करार केवळ इंग्रजीत आहे, आणि त्यातील एका कलमानुसार फाईल उघडल्यानंतर शासकीय नियम बदलला तरी कोणतीही रक्कम परत मिळत नाही. नियम बदलणे हा सल्लागाराचा दोष नसतो, हे मान्य. पण जे काम अजून झालेलेच नाही त्याचे पैसे त्या बदलामुळे बुडावेत, हे मला मान्य नव्हते. बरीच बोलणी झाल्यावर त्यांनी रक्कम तीन टप्प्यांत विभागली : एक हिस्सा पदवीच्या तपासणीनंतर, दुसरा नोकरीचा करार तपासून दिल्यावर आणि तिसरा व्हिसाचा अर्ज दाखल झाल्यावर. हा बदल करारावर हाताने लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन झाला. विचारल्याशिवाय तो मिळत नाही, म्हणून जाणाऱ्याने तो पहिल्याच भेटीत मागावा, आणि प्रत्येक हप्त्याची जीएसटीसह पावती घ्यावी. शनिवारी फार गर्दी असते. मॅडम स्वतः भेटाव्यात असे वाटत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची वेळ आधी ठरवून जावे. मूळ कागदपत्रे दाखवण्यासाठी न्यावीत, परंतु त्यांच्याकडे ठेवून येऊ नयेत. त्यांनी तसा आग्रह केला नाही, पण ठेवण्याची तयारी दाखवणाऱ्यांची कागदपत्रे ते ठेवून घेतात.